पाणी घेते म्हणून फायबर नको

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: वडिलांनी बांधून घेतलेली २४ फुटी सागवानी होडी, वय सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं, मुक्काम देवगडच्या बाजूची एक छोटी खाडी. आत डिझेल इंजिन, भाऊ तिच्यावर जाळी टाकायला जातो. गेले दोन हंगाम ती पाणी घेते. गावातला फायबरवाला म्हणतो, बाहेरून मॅटचे दोन थर मारू, दहा वर्षं बघायला नको. भावाचं मन झालंय. तुम्ही पुण्यात असता, पैसे तुम्ही देणार, म्हणून विचारताय की करावं का.

फोटोवरून होडी तपासता येत नाही, त्यामुळे हो किंवा नाही असं एका शब्दात सांगणार नाही. पण तीस वर्षं मी लाकडाचं काम करतोय आणि त्यातली वीसेक वर्षं फायबरचंही. दोन्हीकडून पैसे मिळतात, तेव्हा कुठल्या एकाची बाजू घ्यायचं मला कारण नाही. एवढं मात्र आत्ताच सांगतो: तुम्ही प्रश्न विचारलाय फायबरचा, आणि दुखणं आहे पाण्याचं. पाणी कुठून येतं हे शोधल्याशिवाय फायबर मारणं म्हणजे छप्पर गळतं म्हणून भिंतीला रंग देणं.

म्हणून आधी पाण्याचंच बोलू. भावाला विचारा की होडी पाणी घेते ती नेमकी कधी. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी ऑगस्टमध्ये पाण्यात लोटली की पहिले दोन-तीन दिवस पाणी घेणारच. फळ्या सुकून आकसलेल्या असतात, पाणी पिऊन त्या फुगतात आणि सांधे आवळतात. हे दुखणं नाही, लाकडी होडीचा स्वभावच तो. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही सकाळी तळात वीतभर पाणी असेल, तर बोलायला जागा आहे. नुसती नांगरून ठेवली असता पाणी येत नाही आणि इंजिन चालू केलं की येतं, असं असेल तर फळ्यांना दोष देण्याआधी शाफ्टच्या नळीजवळचं गलँड, म्हणजे शाफ्टभोवती दोरी भरून पाणी अडवणारा भाग, बघा. फक्त मासळी भरून परत येतानाच पाणी येत असेल, तर एरवी पाण्याच्या वर राहणारे सांधे सुटलेत. ते दर उन्हाळ्यात उन्हानं सुटतात आणि भरायला सगळ्यात सोपे असतात.

गलँडची गोष्ट उगाच सांगत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी एक जण नवं कोरं फायबर मारलेली होडी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, एवढा खर्च केला तरी पाणी येतंच आहे. गलँडमधली दोरी काथ्यासारखी कडक झाली होती. चरबी लावलेली नवी दोरी भरली, दोन बोल्ट समसमान आवळले, संपलं. जेवणाच्या सुट्टीआधी काम झालं. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

आता फायबरकडे येऊ. फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि तिला चिकटवणारं रेझीन. वाळलं की ताठ, एकसंध कवच तयार होतं. लाकूड ताठ नाही. ते पाणी प्यालं की फुगतं, सुकलं की आकसतं, आणि तेही लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत. सागवान या बाबतीत सगळ्यांत शहाणं लाकूड, तरीही आठ इंच रुंदीची फळी पूर्ण भिजलेल्या अवस्थेतून चांगली सुकलेल्या अवस्थेत आली की फाडणी कशी झाली आहे त्यावर ३ ते ६ मिलिमीटर हलते. आंबा याहून जास्त. आता एका बाजूला अशा आठ-दहा फळ्या धरा, मधे सांधे, आणि त्यावर न ताणणारं एक कवच. कुणीतरी हरणार. एक तर कवचाला सांध्यावर केसासारखी चीर जाते, नाहीतर कवच लाकडापासून सुटतं. सुटलेलं बाहेरून दिसत नाही. वरून रंग छान असतो, बोटांनी ठोकलं की मात्र ढब्ब आवाज येतो.

सुटलं तर सुटलं, बाहेरचं पाणी तर अडलं ना, असं तुम्ही म्हणाल. भाऊही तेच म्हणत असेल. खरी मेख इथेच आहे. होडीत पाणी फक्त खालून येत नाही. वरून पाऊस येतो, आपल्याकडे मोसमात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. जाळ्याचं पाणी येतं. मासळीच्या पेटीतला बर्फ वितळून त्याचं पाणी तळात उतरतं. ह्यातलं पावसाचं आणि बर्फाचं पाणी गोडं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवी असते ओल, थोडी हवा आणि खारटपणा कमी. कायम खाऱ्या पाण्यात बुडालेलं लाकूड बुरशीनं सहसा कुजत नाही, कारण हवाच नसते. आणि पुरतं कोरडं राहिलं, आतली ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली, तरीही कुजत नाही. कुजतं ते अर्धवट ओलं. फायबरचं कवच बाहेरून आणि गोड्या पाण्याची झिरप आतून, अशी अर्धवट ओल टिकवायला याहून चांगली सोय मला सुचत नाही.

आमच्याकडे जुने लोक म्हणतात, लाकडाला श्वास घेऊ द्यावा. मला हे वाक्य अर्धंच पटतं. तोडलेलं लाकूड श्वास घेत नाही. त्याला फक्त आत गेलेलं पाणी बाहेर टाकायला एक तरी बाजू मोकळी हवी असते. म्हणून त्यांचा सल्ला बरोबर, कारण चुकीचं.

एक होडी मी स्वतः बिघडवली आहे, तेही सांगतो, म्हणजे मी हे पुस्तकातून बोलतोय असं वाटायला नको. फायबरच्या कामात नवा होतो. मालकाला घाई होती, पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचे दोन महिने हातात होते, लाकूड बाहेरून कोरडं दिसत होतं. पावसातच, वर ताडपत्री बांधून दोन थर मारले. मालक खूश, मीही खूश. सहाव्या वर्षी तीच होडी परत आली, इंजिनाखालचा भाग खाली बसला म्हणून. पठाणाजवळ, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याजवळ, कवचाखाली पटाशी घालून थोडं उचकटलं तर हातभर रुंदीचा पट्टा सालासारखा निघून आला. त्याच्या आतल्या बाजूला फळीच्या रेषा आणि खिळ्यांची डोकी जशीच्या तशी उमटलेली होती, जणू ठसाच घेतलाय. मागून तपकिरी पाणी आलं, कुजक्या भाताच्या पेंढ्यासारखा वास. फळी हाताने काढता येत होती. कवच अगदी शाबूत. फायबरनं आपलं काम चोख केलं होतं: बाहेरचं आत येऊ दिलं नाही आणि आतलं बाहेर जाऊ दिलं नाही. त्या मालकाकडून मी पुढच्या कामाची मजुरी घेतली नाही.

आता दुसरी बाजू, कारण फायबर वाईट आणि लाकूड चांगलं असं मला म्हणायचं नाही. लाकूड आणि फायबर एकत्र उत्तम नांदतात, पण लग्न नीट लागलं तर. गोव्यात दिवाडीला बांधलेली नौदलाची 'म्हादेई' घ्या. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती लाकूड आणि फायबरचीच आहे. फरक असा, की तिच्या देवदारासारख्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या सुरुवातीलाच कोरड्या होत्या, एपॉक्सी रेझीननं एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि दोन्ही बाजूंनी बंद केल्या होत्या. पाणी शिरायला वाट नाही, म्हणून फुगणं नाही, म्हणून भांडण नाही. तुमच्या होडीच्या फळ्या अठ्ठावीस वर्षं खारं पाणी, डिझेल आणि मासळीचं तेल पीत आल्या आहेत. त्यांच्यावर काय चिकटणार?

चिकटण्याचा मुद्दा वेगळा बघण्यासारखा आहे. आपल्याकडे किनाऱ्यावर वापरतात ते रेझीन बहुतेक पॉलिएस्टर. फायबरवर फायबर चिकटवायला ते उत्तम, लाकडावर बेताचं, आणि सागवानासारख्या तेलकट लाकडावर त्याहून बेताचं. वाळताना ते स्वतःही आकसतं, म्हणजे पहिल्या दिवसापासून ओढाताण सुरू. एपॉक्सी कितीतरी पटींनी चांगलं धरतं, पण महाग, प्रमाणात चूक झाली तर वाळत नाही, आणि लाकडातली ओल बारा टक्क्यांच्या आसपास असावी लागते. दोन्हींपैकी कुठलंही वापरा, जुना रंग, डामर, तेल सगळं खरवडून कच्चं लाकूड उघडं पाडावं लागतं. जिथे डामर एकदा मुरलंय तिथे मी तरी हमी देणार नाही.

आणि ओल बारा-तेरा टक्के कधी मिळते? आपल्या किनाऱ्यावर, सावलीत, वारा खेळता ठेवून, जानेवारी ते मे. इंच-सव्वा इंच जाडीची भिजलेली फळी महिन्या-दीड महिन्यात आतपर्यंत सुकत नाही. वरवर सुकते, मधे ओली राहते. म्हणजे नीट काम करायचं तर होडी जानेवारीत वर घ्यायची आणि एप्रिल-मेमध्ये फायबर चढवायचं. हे दिवस धंद्याचे. उलट लोक काम काढतात १ जूनला बंदी लागल्यावर, जेव्हा हवेतच इतकी ओल असते की शाकारलेल्या होडीतलं लाकूडसुद्धा अठरा-वीस टक्क्यांखाली जात नाही. तुमचा फायबरवाला कोणत्या महिन्यात करणार म्हणतो ते विचारा. जून किंवा जुलै म्हणाला तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

दोन थरांचा हिशोबही ऐका. आपण वापरतो ती ४५० ग्रॅमची मॅट. एका चौरस मीटरला रेझीन धरून दीड किलोच्या थोडं वर वजन आणि साधारण एक मिलिमीटर जाडी. तुमच्या होडीचं बाहेरचं क्षेत्रफळ सतरा चौरस मीटर धरलं तर दोन थर म्हणजे पन्नास-पंचावन्न किलो आणि दोन मिलिमीटर. दोन मिलिमीटरचं कवच होडीला ताकद देत नाही. ते फक्त पातळ कातडं. पुळणीवर होडी ओंडक्यांवरून ओढता, तेव्हा पठाणाच्या कडेला ते पहिल्याच हंगामात घासून निघतं. तेवढी जागा समुद्रातल्या किड्याला पुरे. तो शिरताना टाचणीच्या टोकाएवढा असतो, आत वाढतो, आणि लाकडात बोटाएवढी बिळं पाडत जातो. बाहेरून एक बारीक भोक दिसतं. फायबरनं झाकलेलं असलं तर तेही दिसत नाही.

तळाला कवच घालून किड्याला रोखायची कल्पना नवी नाही. इंग्रजांच्या नौदलानं १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या फ्रिगेट युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा मारून बघितला. लाकूड किड्यापासून वाचलं. पण दोन वर्षांनी बघतात तर लोखंडी खिळे सडून गेलेले, पत्रा जागोजागी सुटलेला. जिथे पत्र्याखाली वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून राहिला होता तिथले खिळे मात्र ठीक होते. तेव्हा त्यांना कळलं की खाऱ्या पाण्यात तांबं लोखंडाला खातं. आमच्या कामाला ह्यातून घ्यायचं ते एवढंच: कवच कितीही चांगलं असो, बोट जाते ती खिळ्यांत. आणि कवचाखाली गेलेला खिळा पुन्हा कुणी बघत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'त्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरली, ती आज इंग्लंडात हार्टलपूलला उभी आहे. मलबारी सागवान. दोनशे वर्षांत तिच्या फळ्या-खिळे कित्येकदा बदलले असतील, पण बदलता आले, हा मुद्दा.

तर मी फायबरला हो कधी म्हणतो? एकसंध खोडातून कोरलेली उलांडीची, म्हणजे बाजूला आधाराचा ओंडका बांधलेली, होडी असेल तर बऱ्याचदा म्हणतो. तिला फळ्यांचे सांधेच नसतात. केरळात कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं औषध मुरवलेल्या रबराच्या लाकडाच्या होड्यांवर फायबर चढवून दाखवलं, तेही चाललं, पण तिथे लाकूड आधी औषधात मुरवून सुकवलेलं होतं. मरीन प्लायची बोट असेल तर जवळजवळ नेहमीच हो म्हणतो, कारण प्लाय हलत नाही. आणि तिसरा प्रसंग, जो कुणी उघड बोलत नाही: होडी आता संपलीच आहे, मालकाला तिच्यावरून तीन हंगाम काढायचे आहेत आणि मग मोडीत घालायची आहे. तेव्हा पातळ कवच मारायला माझी ना नाही. फक्त त्याला दहा वर्षांची हमी म्हणू नये. ते सलाइन आहे.

चौथा मार्ग जाड कवचाचा. लाकडी होडी साचा समजायची आणि तिच्यावर नव्या फायबर होडीला लागते तेवढी, म्हणजे सहा ते आठ मिलिमीटर जाडी चढवायची, पहिल्या थरांतून लाकडात भरपूर स्क्रू मारून. नुसत्या चिकटण्यावर भरवसा ठेवायचा नाही. आत लाकूड पुढेमागे कुजलं तरी कवच स्वतःच्या पायावर उभं राहतं. एका खाडीतल्या तरीच्या होडीला मी असं केलं, ती अजून माणसं नेते-आणते. पण तुमच्या होडीला हे करायचं तर दीडशे ते दोनशे किलो माल नुसता अंगावर चढतो, आणि खर्च नव्या फायबर होडीच्या इतका जवळ जातो की मी मालकाला विचारतो, मग आत हे जुनं लाकूड कशाला ठेवतोस? बहुतेकांकडे त्याचं उत्तर असतं, बाबांची होडी आहे. ते उत्तर मला समजतं. तुमचंही तेच असेल तर स्पष्ट सांगा, त्याप्रमाणे हिशोब वेगळा मांडता येतो.

आता तुमच्या होडीचं. फायबरवाल्याला आगाऊ पैसे द्यायच्या आधी एक दिवस सुट्टी काढून गावी जा आणि होडी वर ओढलेली असताना भावाबरोबर स्वतः बघा. फार हत्यारं लागत नाहीत: टोकदार सुरी, छोटी हातोडी, पकड, बॅटरी.

आतून सुरुवात करा, बाहेरून नाही. इंजिनाखालच्या लाकडाजवळ, नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, फळ्यांची टोकं येतात तिथे, आणि पठाणाला लागून असलेल्या पहिल्या फळीवर सुरी टोचा. चांगल्या सागवानात ती दोन-तीन मिलिमीटर जाते आणि तिथेच धरली जाते, ओढून काढावी लागते. बोटभर आत गेली आणि लोण्यातून निघावी तशी निघाली तर तिथे कुजलंय. खात्री करायची असेल तर सुरीचं टोक आडवं घालून एक कुसळ उचला. निरोगी लाकडाची कुसळ लांब, तंतू ओढत उठते. कुजलेल्याची बिस्किटासारखी तटकन तुटते, आवाजसुद्धा होत नाही. वाकांकडे, म्हणजे होडीच्या आतल्या बरगड्यांकडे, खालच्या टोकाशी नीट बघा. तिथे तळातलं पाणी साचून राहतं आणि तिथलं कुजणं सगळ्यात उशिरा लक्षात येतं.

मग बाहेरून हातोडी हलक्या हाताने वाजवत जा. टणक आवाज आणि मंद आवाज यातला फरक पहिल्या पाच मिनिटांत कानाला कळतो. खिळ्यांभोवती काळं वर्तुळ दिसेल तिथले तीन-चार खिळे पकडीनं काढून बघा. डोकं शाबूत आणि मधे कमरेत काडीएवढा बारीक झालेला खिळा निघाला, तर तुमचं पाणी कुठून येतं ते तुमच्या हातातच आलं. फळी वाकाला धरलेलीच नाही, इंजिनाच्या हादऱ्यानं ती हलते आणि पाणी अडवायला सांध्यात ठोकलेला कापूस बाहेर फेकला जातो. हजारदा कापूस ठोका, हजारदा निघेल. अशा होडीवर फायबर मारलं तर हलणाऱ्या फळीवर काच चिकटवल्यासारखं होतं.

माझा अंदाज सांगायचा तर, वयावरून आणि तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून, तुमची होडी खिळ्यांची आजारी आहे, लाकडाची नाही. सागवान अठ्ठावीस वर्षांत म्हातारं होत नाही, लोखंडी खिळे होतात. अंदाज बरोबर निघाला तर काम असं: पाण्याखालच्या भागात जुन्या खिळ्याच्या शेजारी नवे खिळे, चांगले जस्त चढवलेले. त्यांच्यात तांब्याचे मिसळू नका, 'अलार्म'ची गोष्ट आठवा. पठाणाजवळची एखाद-दुसरी फळी बदलावी लागेल, ती सागवानाचीच घ्या आणि जुनी काढा, जुनीवर नवी ठोकू नका. मग खालचे सगळे सांधे कोरून साफ करायचे, बोथट पटाशी आणि मोगरीनं कापूस बसवायचा, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. कापूस जास्त ठासू नका. होडी पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, जागा नसली तर वाकांपासून फळी उचलली जाते आणि नवे खिळेही सैल होतात. नवख्या मेस्त्रीची हीच चूक असते, जोर दाखवायला जातो.

ह्याला चांगला मेस्त्री मिळणं हीच खरी अडचण आहे, ते मी नाकारत नाही. आमच्या भागात कापूस बसवणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरलेत आणि फायबरवाले प्रत्येक बंदराला दोन. तुमच्याकडे मेस्त्री मिळतच नसेल, तर हिशोब बदलतो. तेव्हा माझा सल्ला असा की ह्या होडीवर फायबरचे पैसे घालू नका. भावाच्या धंद्यासाठी नवी फायबर होडी घ्या आणि जुनीचं इंजिन तिच्यात बसवा. दोन मिलिमीटर कवचाखाली कुजणाऱ्या होडीवर भर समुद्रात भाऊ असावा, हे मला तरी नको वाटतं.

मधल्या काळात दोन गोष्टी फुकटात करता येतात. पावसाळ्यात होडी शाकारताना प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नका. वर झापं किंवा ताडपत्री असू द्या, पण दोन्ही टोकं उघडी, आत वारा फिरला पाहिजे. आणि तळातला बुच काढून ठेवा. लोक विसरतात आणि ऑगस्टमध्ये होडीत डास पाळलेले असतात. दुसरं, मासळीच्या पेटीतलं बर्फाचं पाणी तळात सोडू नका, नळी लावून बाहेर काढा. आणि महिन्यातून एकदा तळात मूठभर-दोन मूठ खडेमीठ टाका. हसू नका, मीठ लाकडात मुरलं की बुरशीला ते रुचत नाही, शिडाच्या काळापासून लोक हे करत आले आहेत.

फायबरवाल्याशी बोलताना भाऊ हौसेनं स्वतःच हात घालणार असेल तर एक सूचना. रेझीनमध्ये कोबाल्ट (वाळणं लवकर व्हावं म्हणून घालायचा द्रव) आणि हार्डनर दोन्ही लागतात, पण आधी कोबाल्ट रेझीनमध्ये नीट ढवळायचं, मगच हार्डनर. दोन्ही थेट एकमेकांत पडले तर पेट घेतात. बाटल्या एका पिशवीत ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत.

गावी जाऊन आलात की मला तीन गोष्टी कळवा: पाणी कधी येतं, सुरी कुठे कुठे आत गेली, आणि काढलेल्या खिळ्यांचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. खिळे फेकू नका.